साडेतीनशेचा जावई

आमच्या भोसरीत साडेतीनशे सीसीची फटफटी घेनारा पहिला बदली कामगार मी. घेनारा म्हनलं, चालवनारा म्हनलेलं न्हाई, एवढं ध्यानात ठेवा.

त्या टायमाला माझं वजन अठ्ठेचाळीस किलो (अंघोळ करून आलो की एकोनपन्नास). गाडी माझ्यासारखे साडेतीन बबन एकावर एक ठेवावेत एवढी. ती घेतली देहूरोडच्या एका रिटायर सुभेदाराकडनं. त्यांनी मला पायापास्नं डोक्यापर्यंत बगितलं. लई वेळ लागला न्हाई.

"गाडी कुणासाठी?" सुभेदार म्हनले.

"माझ्यासाठी."

"आणि चालवणार कोण?"

मी म्हनलं, "सुभेदारसाहेब, मानूस वजनावर जात नसतो."

"माणूस जात नसेल. गाडी जाते," म्हनले, आन् चावी दिली.

आता ही गाडी कशापायी, ते सांगतो. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी व्हती. तिथं मानसाला नाव कोन इचारत नसे, सीसी इचारत. अडीचशेवाला आला की बाकडं रिकामं. पावनेदोनशेवाला बाकड्याच्या कडंला. स्कूटरवाल्याला चहा मिळे, पन बोलायचं न्हाई. पन्नासची मोपेड घेऊन कोन आला तर लोकं म्हनायची, "वहिनी आज कामावर न्हाई का गेल्या?" आन् मी सायकलवाला. सायकलला सीसीच नसतं. मी बाकीच्यांचे रिकामे ग्लास टपरीवाल्याकडं पोचवायचो.

तेबी सोसलं असतं. पन सासुरवाडी. माझी सासुरवाडी चाकणच्या अलीकडं, रस्त्यापास्नं आत दोन मैल. माझा साडू दत्तोबा, म्हंजे बायकोच्या थोरल्या बहिनीचा नवरा, त्याच्याकडं अडीचशेची गाडी. तिला दोन सायलेंसर आन् त्याच्या मिशीला दोन टोकं. दत्तोबा आला की सासरे आतनं खुर्ची आनायचे. घरात खुर्ची एकच. मला सतरंजी. चार वर्षं मी सतरंजीवरनं त्याच्या गुडघ्याशी बोललो. गुडघा हुशार व्हता, पन किती बोलनार?

म्हनून साडेतीनशे. अडीचशेच्या वर सरळ शंभर. मी दुसरीत शाळा सोडली, पन एवढा हिशेब मला येतो.

सुभेदारांनी दोन गोष्टी पाठ करून घेतल्या. पहिली, किक मारताना घाई न्हाई. दिव्यावरच्या मीटरचा काटा मधोमध आला की ही बारकी कळ दाबायची, किक इंचभर सरकवायची, कळ सोडायची, मंग लाथ. घाई केली की किक उलटी येते आन् लाथ आपल्यालाच बसते. दुसरी, या गाडीचा ब्रेक डाव्या पायात आन् गिअर उजव्या पायात. बाकीच्या गाड्यांचं उलटं.

"डावा ब्रेक. म्हणून दाखव," सुभेदार म्हनले.

"डावा ब्रेक."

"पुन्हा."

मी तोंडानं धा वेळा म्हनलो. पन पायाला कोन सांगनार? मी सहा वर्षं लेथवर. आमच्या मशीनला खाली आडवी दांडी. काय बिघडलं, काय अडकलं, कुनाचा शर्ट ओढला, की उजवा पाय दांडीवर हानायचा, मशीन जागच्या जागी थांबतं. सहा वर्षं माझा उजवा पाय माझ्या डोक्याला न इचारता काम करत व्हता. डोक्यापेक्षा तोच भरवशाचा.

घरात अजून एक गाडी व्हती, तिचं सांगायचं राह्यलं. माझी बायको कमल बालवाडीत बाई. सातवी पास. तिनं भिशी लावून पन्नास सीसीची पेडलवाली मोपेड घेतली व्हती. सायकलीसारखं पेडल मारायचं, मंग ती शिंका दिल्यागत चालू व्हायची. मी तिला मच्छर म्हनायचो.

"मच्छर रोज वेळेवर पोचतो," कमल म्हनायची.

"गाडी मरदाची असावी. आवाज बग माझीचा. दुग, दुग, दुग. काळजात वाजतं."

"काळजात वाजतं ते खरं. शेजारच्या आजींनी काल पानी मागून घेतलं."

त्या साली जेठात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पुरनाचे धोंडे खाऊ घालायचे, ओवाळायचं, कपडे करायचे, जावई त्या दिवशी साक्षात देव. दोन्ही जावयांना महिन्याच्या शेवटच्या रविवारचं आवतन आलं.

आन् शनिवारी कंपनीत साहेबांनी मला केबिनमधी बोलावलं. बदली कामगारांतनं एकाला परमनंट करायचं व्हतं. सहा वर्षं मी ज्या शब्दाची वाट बगत व्हतो तो त्यांनी सहज टाकला, जसा कुनी चहा सांगतो.

"सोमवारी सकाळी सातला ऑफिसात ये. कागदावर सही करायची. सात म्हणजे सात. आला नाहीस तर यादीत पुढचं नाव तयार आहे."

टपरीवर सखाराम म्हनून माझा जोडीदार व्हता, तो म्हनला, "बबनराव, उद्या चाकणला जाऊ नका राव. त्या गाडीवर तर अजिबात नका."

"सखा, मी उद्या जानार, संध्याकाळी येनार, आन् सोमवारी याच गाडीवर गेटात उभा राहनार. बाकड्यावर जागा करून ठेव."

घरी कमलबी तेच म्हनली. मी म्हनलं, "तू मागं बस आन् बग."

"मी मागं बसनार न्हाई. मला दोन पोरं हायत. ती तुमच्या आईकडं सोडते आन् मी माझ्या गाडीवर येते. तुमी व्हा पुढं."

मी पुढं झालो. तिच्याआधी पाऊन तास निघालो. मोशीच्या अलीकडं गाडी बंद पडली, ढकलली, चालू झाली. नदीच्या पुलावर बंद पडली, ढकलली. पुलापल्याडच्या चढाला मी गाडी ढकलत व्हतो का गाडी मला मागं ढकलत व्हती हे आजपर्यंत ठरलेलं न्हाई. तेवढ्यात पाठीमागनं शिंका दिल्यागत आवाज आला. कमल पदर खोचून, सरळ बसून, माझ्या शेजारनं पुढं गेली. थांबली न्हाई. नुसतं म्हनली, "मी पुरनाला हात लावते."

पन गावाच्या वळनावर गाडीला काय वाटलं कोन जाने, ती बाईसारखी नव्हे, राजासारखी चालाय लागली. दुग, दुग, दुग. गावातली कुत्री गप. मानसं दारात. मला लांबनं सासऱ्यांचं अंगन दिसलं. शेनानं सारवलेलं, रांगोळी काढलेली. सासूबाई ओवाळनीचं ताट घेऊन उभ्या. बाजूला खुर्चीवर दत्तोबा. आन् दत्तोबा उठला हो. माझी गाडी बगून खुर्चीवरनं उठला. मी डोळ्यानं बगितलं. ती चार वर्षांची खुर्ची रिकामी झाली.

त्या आनंदात मी एक हात सोडून सगळ्यांना नमस्कार केला.

आता थांबायचं व्हतं. मी थांबायचं ठरवलं, आन् उजव्या पायानं हुकूम ऐकला. सहा वर्षांची सवय. हानला खाली जोरात. ब्रेक नव्हता तो, गिअर व्हता. गाडी एक गिअर वर गेली. गाडी थांबत न्हाई म्हनल्यावर पायानं अजून जोरात हानलं. अजून एक गिअर. घाबरून मी मूठ आवळली, आन् आवळलेली मूठ रेसची. सासूबाई ताट घेऊन अशा बाजूला झाल्या की दिवा इझला न्हाई, मी अजून त्यांचं कौतुक करतो. दत्तोबा खुर्चीवर चढला. रांगोळीवरनं, तुळशीला वळसा घालून, मी सरळ कांद्याच्या चाळीत.

चाकणकडच्या मानसाला चाळ काय हे सांगाय नको. बाकीच्यांसाठी सांगतो, बांबूची लांब चौकट, वर छप्पर, आत उन्हाळी कांदा भरून ठेवलेला, चाकणच्या बाजारात भाव येईस्तोवर. सासऱ्यांचा सगळा हंगाम त्यात. पहिला बांबू मोडला तेव्हा काय झालं न्हाई. दुसरा मोडला तेव्हा काय झालं न्हाई. मंग चाळीनं इचार केला आन् सगळा कांदा माझ्यावर आला.

गाडी बंद. मी गळ्याएवढ्या कांद्यात, फक्त मुंडकं वर.

सासरे हळूहळू चालत आले. तात्या म्हनतो आमी त्यांना. मोजकं बोलनारा मानूस. त्यांनी माझ्याकडं बगितलं, चाळीकडं बगितलं, आन् म्हनले, "जावईबापू, लागलं का कुठं?"

"न्हाई तात्या."

"मग तिथंच बसा. हलू नका. कांदा तुडवला जातोय."

सासूबाईंनी आल्यागेल्याकडं बगितलं. देवाला ताटकळत ठेवायचं नसतं. त्या तशाच पुढं आल्या आन् मला कांद्यातच ओवाळलं. कपाळाला कुंकू लावलं. कांद्यानं माझ्या डोळ्यातनं घळाघळा पानी. शेजारची म्हातारी म्हनली, "जावई किती मायाळू हाय गं. ओवाळताना रडतोय."

दत्तोबा खुर्चीवरनं उतरला. "साडूभाऊ, हिला ब्रेक हाय का न्हाई?"

"हाय की. डावीकडं हाय."

"मग?"

"मी उजव्या पायाचा मानूस हाय."

त्यानं मिशीला पीळ दिला आन् परत खुर्चीवर बसला.

संध्याकाळी परत जायचा बेत कांद्याखालीच राह्यला. फुटका बाजूला, चांगला बाजूला, सगळा आवरस्तोवर अंधार पडला. माझ्या गाडीचा दिवा फुटलेला, कमलच्या गाडीचा दिवा असून नसल्यागत, आन् नाशिक रोडला ट्रकांची रांग. तात्या म्हनले, पहाटे निघा. मी पन्नास सीसीच्या आवाजात माफी मागितली. ते म्हनले, "धोंडे खाल्ले का?" बास.

पहाटे पाचला मी गाडीपाशी. कपडे सांगतो आधी, कारन त्याचं पुढं काम हाय. माझी प्यांट चाळीत फाटली. अंगावर तात्यांचं धोतर, माझ्या दुप्पट मापाचं, आन् डोक्यावर मानाचा लाल फेटा, कारन धोंड्याचा फेटा घरी पोचायच्या आत काढायचा नसतो, असं सासूबाई म्हनल्या.

किक मारली. न्हाई. मारली. न्हाई. काटा मधी, कळ दाब, इंचभर सरकव, सगळं केलं. साडेपाच झाले. तेराव्या किकला मी काटा बगितला न्हाई. नोकरी डोळ्यासमोर आन् काटा कोन बगतो? किक उलटी आली. सुभेदार खरं बोलले व्हते. मी धोतरासकट हवेत गेलो आन् खाली आलो तेव्हा उजवा घोटा भाकरीसारखा फुगत व्हता. त्याच पायाला बरोबर बसली. गाडीला न्याय कळतो.

दत्तोबानं त्याची अडीचशे बाहेर काढली. एका लाथेत चालू. दोन्ही सायलेंसर वाजाय लागले.

"चला साडूभाऊ, सोडतो. बसा मागं."

मागं. दत्तोबाच्या. अडीचशेवर. मी म्हनलं, "मेलो तरी बसनार न्हाई."

"अहो, नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"मी सोडतो म्हनजे काय वाईट हाय?"

"दत्तोबा, तुमी चांगले हायसा. तेच वाईट हाय."

तेवढ्यात कमल मोपेड घेऊन आली. "बसा मागं."

मी म्हनलं, "बायकोच्या मागं? पन्नासवर? फेटा बांधून? कमल, माझा जीव घे, पन हे सांगू नको. गेटावर सगळी पंचायत बसलेली असती."

तिनं ऐकून घेतलं. मंग शांतपनी म्हनली, "माझी बालवाडी आठला. तुमची नोकरी सातला. मी निघाले." आन् पेडल मारून निघालीसुद्धा.

मला वाटलं वळनावर थांबेल. थांबली न्हाई. मी बगितलं, इकडं दत्तोबा, तिकडं सहा वर्षं, आन् मधी ती वळनाकडं जानारी शिंक. मी धोतर वर खोचलं आन् एका पायावर उड्या मारत तिच्या मागं पळालो. गाव पुन्हा दारात आलं. तात्याबी पळत आले, माझ्या बरोबरीनं, आन् पळता पळता माझ्या हातात कांद्याची पिशवी दिली. "फुटका हाय. लवकर संपवा," म्हनले. एवढं नुकसान करून वर पिशवी. त्या मानसाच्या मी अजून पाया पडतो.

कमलनं मला वेशीबाहेर घेतलं. मी एका बाजूला पाय सोडून बसलो, कारन घोटा वाकत नव्हता. म्हंजे बायका बसतात तसा. हे मी कुनाला सांगनार नव्हतो, पन आता सांगून बसलोय.

चाकणहून कांद्याचे ट्रक भरून निघालेले. एका ड्रायव्हरनं शेजारनं जाताना काच खाली केली. "ताई, नवरदेव पळवून चाललीस का?"

"परत द्यायला चाललेय," कमल म्हनली. गाडीचा वेग कमी न करता.

मोशीचा पूल उतरला आन् पुढच्या चढाला मच्छर धापा टाकाय लागला. कमल पेडल मारती, मारती, घाम आला तिला. मला म्हनली, "उतरा."

"घोटा."

"मग कांदे उतरवा. एकतर ते न्हाईतर तुमी."

मी इचार केला. तात्यांनी पळत दिलेले. पन कांद्याला परमनंट व्हायचं नव्हतं. रस्त्याकडंला एक आजी शेन गोळा करत व्हती, तिच्या पाटीत पिशवी ठेवली. आजीनं फेटा बगितला, धोतर बगितलं, पेडल मारनारी कमल बगितली, आन् मला म्हनली, "बाबा, तुला बरं न्हाई का?"

"मला लई बरं हाय आजी," मी म्हनलं. आन् त्या चढावरच माझ्या डोक्यात सनक गेली. म्हनलं, बबन, एवढं सगळ्यांनी बगितलं, आता लपवायला शिल्लक काय? गेटाच्या अलीकडं उतरून लंगडत जायचा माझा बेत व्हता. तो रद्द. मी फेटा सरळ केला. मागं बसायचं तर राजासारखं बसायचं.

सातला चार मिनिटं कमी असताना आमी टपरीसमोर. सगळी पंचायत हजर. सखारामनं खरंच बाकड्यावर जागा करून ठेवलेली. अडीचशेवाल्यानं ग्लास तोंडाजवळ नेला व्हता, तो तिथंच थांबला.

मी उतरलो. कमलच्या खांद्याला धरून एका पायावर उभा राह्यलो. म्हनलं, "बगून घ्या. व्हय, पन्नासवर आलो. व्हय, बायकोच्या मागं आलो. एका बाजूला पाय सोडून आलो. चाकणपास्नं इथवर हिनं आनलं, मोशीचा चढ हिनं पेडलवर चढवला. माझी साडेतीनशे कांद्यात पडलीये. कुनाला काय म्हनायचंय त्यानं आत्ता म्हना, मला सातला सही करायचीये."

अडीचशेवाला खाली बगाय लागला. (नंतर कळलं त्याच्या चपलेवर चहा सांडला व्हता. पन मी तो माझा मान धरून चाललोय.)

साहेबांनी घड्याळ बगितलं. सातला एक मिनिट कमी. फेट्याकडं बगून म्हनले, "एवढा सण करायची गरज नव्हती, बबन." कागद पुढं केला. मी पेन धरलं आन् सही केली. पूर्वी मी अंगठा लावायचो. ही सही कमलनं शिकवलेली, बालवाडीच्या पाटीवर, पोरं झोपल्यावर. ब, ब, न. तिसरं अक्षर थोडं वाकडं आलं, पन परमनंट तेबी झालं.

सुट्टी झाल्यावर मी लंगडत घरी आलो. छाती फुगलेली. अठ्ठेचाळीस किलोच्या मानसाची किती फुगनार, पन फुगलेली. कमल पोरांना जेवायला वाढत व्हती. मी दारातच उभा राहून म्हनलं, "कमल, आजपास्नं मी गाडीच्या सीसीवर मानूस मोजनार न्हाई. जगाला काय म्हनायचं ते म्हनू दे. बायकोच्या मागं बसायला जी छाती लागती ती साडेतीनशेवाल्याकडंबी नसती. आजपास्नं मी ताठ मानेनं तुझ्या मागं बसनार. रोज. गेटापर्यंत."

तिनं भाकरी थोरल्याच्या ताटात टाकली. माझ्याकडं बगितलं न्हाई.

"मागं बसायला छाती लागत न्हाई," ती म्हनली. "घोट्याची सूज उतरली की पुढं बसून पेडल मारायला शिका. माझ्या पिंढऱ्या भरून आल्यात."